सेंटरच्या पीसीत गावभराचे आधार जमा झालेत, काय करू?

ऑनलाइनवाला_दारव्हा

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यात खेड्यावर आपलं छोटं ऑनलाइन सेंटर आहे. झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, महाडीबीटी, पोट्ट्यायचे स्कॉलरशिपचे फॉर्म, शेतकरी आयडी, लाडक्या बहिणीचं केवायसी, सीझनमदी जे चालू असन ते. दोन पीसी आहेत, एकावर विंडोज ७ अन् दुसऱ्यावर विंडोज १०, एक स्कॅनर, एक अंगठ्याचं मशीन.

गोठ अशी का परवा एक बाई आली. तिच्या नावावर कोणीतरी भलतंच सिम काढलं असं तिच्या पोरानं पुण्याहून पाहून सांगतलं होतं. मले म्हणे भाऊ, माया आधार तुमच्या काम्पुटरमदून मायासमोर काढून टाका. तिचा संशय माह्यावर नव्हता, चार ठिकाणी झेरॉक्स देल्ल्या होत्या तिनं, म्हणून मी म्हटलं ठीक आहे, काढतो. डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर खालपर्यंत जाताच येईना. ईआधार, मंग ईआधार एक, ईआधार दोन, मंग व्हॉट्सॲप इमेज म्हणून नुसते आकडे, कोणाचं पासबुक, कोणाचं जातीचं, कोणाच्या पोरीचा फोटो, २०१९ पासूनचं सारं. स्कॅनरचं फोल्डर वेगळंच. क्रोम उघडून पाह्यलं तर लोकायचे महाडीबीटीचे पासवर्ड सेव्ह. बाई बाजूले उभी राहून पाहून रायली अन् तिचं कोणतं तेच सापडेना.

वरून पेनड्राइव्हचा ताप आहे. कॉलेजचे पोट्टे प्रिंट काढाले पेनड्राइव्ह आणतात, लावला का साऱ्या फोल्डरचे शॉर्टकट होते. यवतमाळच्या दुकानवाल्यानं सांगतलं का टोटल सिक्युरिटीवालं ॲन्टीव्हायरस घ्या, साऱ्याचा बंदोबस्त होते. घेऊ का? अन् फायली डिलीट केल्या तर खरंच जातात का? तिसरी अडचण म्हणजे लोकं वर्षभरानं येतात अन् म्हणतात मागच्या साली देल्लं होतं ना, तुमच्याजवळच असन, काढा. सारं पुसलं तर त्यायले काय सांगू?

---

वऱ्हाडी_टेक_अकोट

भाऊ, पयले ॲन्टीव्हायरसचं डोकशातून काढ. तुह्याकडं दोन येगळी दुखणी आहेत, एक व्हायरस अन् एक लोकायचे कागद, दुकानवाल्यानं दोन्हीले एकच गोळी देल्ली. ॲन्टीव्हायरस आधारची फाइल पाहून म्हणत नाई का ही काहून ठेवली. त्याच्यासाठी ती नुसती पीडीएफ आहे.

विंडोज ७ वाल्याचं नेट आजच काढ. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ले बंद केला, त्याच्यानंतर जे भोक सापडलं ते तसंच उघडं. २०१७ च्या मे मदी वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला होता तवाचं आठवते का कोणाले, कोणी क्लिक कराची गरज नव्हती, एका पीसीतून नेटवर्कवरच्या दुसऱ्या पीसीत आपोआप घुसत होता, फायली लॉक अन् ३०० डॉलरचे बिटकॉइन द्या म्हणे. अन् त्याचं पॅच (ते भोक बुजवणारं अपडेट) मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी मार्चमदीच देल्लं होतं! ज्यायनं अपडेट बंद करून ठेवलं त्यायचेच बसले. तुहे दोन्ही पीसी एकाच राउटरवर असतीन अन् फोल्डर शेअर केलं असन, म्हंजे ७ वाल्यात घुसलं का १० वाल्यात जायले दरवाजा उघडाच.

१० चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला, पण मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला का ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट फुकट भेटते. विंडोज अपडेटच्या पानावरच त्याची लिंक दिसते, फक्त २२एच२ व्हर्जन पायजे. विंडोज ११ टाकाचं असन तर टीपीएम २.० (पीसीतली सिक्युरिटी चिप) लागते, इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आधीचा प्रोसेसर असन तर मायक्रोसॉफ्ट नाई म्हणते.

पेनड्राइव्हचं सांगतो. फायली कुठं जात नाई, व्हायरस त्यायले लपवते अन् त्याच नावाचा शॉर्टकट ठेवते, पोट्टा शॉर्टकटवर डबल क्लिक करते अन् तिथंच खेळ होते. पयले डिफेंडरनं (विंडोजचं सोबतचं ॲन्टीव्हायरस) स्कॅन मार, मंग कमांड प्रॉम्प्टमदी ॲट्रिब कमांड वापरून लपलेलं उघडं कर, यूट्यूबवर भेटते. अन् फाइल एक्स्प्लोररमदी व्ह्यूमदी जाऊन फाइलचं एक्स्टेन्शन दिसन असं कर, म्हंजे बायोडाटा नावाची फाइल पीडीएफ आहे का ईएक्सई हे डोळ्याले दिसते. सगळ्यात चांगलं म्हंजे पेनड्राइव्ह ७ वाल्यालेच लावजो, नेट नसलेल्या, प्रिंट तिथूनच.

अन् एक विचारतो, राग नको मानू. तुही विंडोज ओरिजनल आहे का कोणी ॲक्टिव्हेटर (बिना लायसन्सची विंडोज चालू करणारं सॉफ्टवेअर) मारून देल्ली? ॲक्टिव्हेटर टाकताना आधी डिफेंडर बंद करा असं लिहून येते, तिथंच मानसानं समजाले पायजे. माह्याकडं एक लग्नपत्रिकेवाला आला होता, डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅकवालं टाकलं होतं, दुसऱ्या दिवशी साऱ्या पत्रिकायचं अन् फोटोयचं एक्स्टेन्शन बदललं अन् प्रत्येक फोल्डरमदी रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल. ९८० डॉलर द्या, ७२ तासात देल्ले तर अर्धे. ऐन सीझनमदी, लगन तोंडावर! एम्सिसॉफ्ट कंपनीचा फुकट डिक्रिप्टर (लॉक झालेल्या फायली उघडाचं सॉफ्टवेअर) आहे २०१९ चा, या व्हायरसच्या जुन्या प्रकारावर चालते, नव्यावर ऑफलाइन की (व्हायरसले नेट नाई भेटलं तवा वापरलेली ठरलेली किल्ली) लागली असन तरच, त्याच्या फायलीवर नाई चालला. पैसे बी नाई भरू देल्ले म्या, भरल्यावर उघडनच असं कोन सांगितलं. बॅकअपची हार्डडिस्क होती त्याच्याकडं, पण ती चोवीस तास पीसीलेच लावून, तीबी लॉक. म्हून सांगतो बॅकअप घेतला का वायर काढजो.

---

कास्तकार_पोट्टा_वरुड

पीसीचं सोडा राजेहो, आमच्याकडं साऱ्यायची वाट मोबाइलनं लावली. गावच्या ग्रुपवर पीएम किसान यादी म्हणून फाइल आली, एपीके, म्हंजे मोबाइलमदी ॲप टाकाची फाइल. पाठवणारा कोन तर आमचाच सोसायटीवाला काका, म्हून सगळ्यायनं उघडली. २००० चा हप्ता अडकला होता ना बऱ्याच जनायचा, केवायसीमुळं. टाकल्यावर तिनं एसएमएसची परवानगी मांगितली, देल्ली, मंग आयकॉनच गायब. काकाले वाटलं डाउनलोड झालं नाई, म्हून अजून एकडाव टाकली! रात्री ओटीपी येत होते अन् काकाले एकबी दिसला नाई, सारे तिकडं जाऊन रायले होते. सोसायटीवाल्या काकानंबी काही पाठवलं नव्हतं, त्याच्या मोबाइलमदी आधीच घुसलेली ती, तिनंच त्याच्या नावानं सगळ्यायले पाठवली. संत्र्याच्या बागेचा ॲडव्हान्स होता खात्यात.

---

सीएससी_भंडारा

वरच्या दादाच्या गोष्टीत भर घालते, कारण माझ्याकडे अशी माणसं आठवड्याला येतात, कधी पीएम किसान, कधी आरटीओ चलान, कधी लग्नाची पत्रिका म्हणून एपीके. आधी मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर सिम काढा. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला अन् १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा. हे लवकर केलं तर पैसा पुढच्या ज्या खात्यात गेला तिथं अडवता येतो, तिथून काढून नेला की मग नुसती तक्रार उरते. घरी बसून बोलणं खाऊ नका, आधी फोन करा, बोलणं नंतर खा. ॲप सेफ मोडमध्ये जाऊन काढा, निघत नसेल तर डिव्हाइस ॲडमिन अन् ॲक्सेसिबिलिटीमध्ये त्याला दिलेली परवानगी आधी बंद करा, मी तर सरळ फोटो काढून घेऊन फॅक्टरी रीसेट मारायला लावते. अन् कॉल फॉरवर्ड लागलाय का बघा, डबल हॅश ००२ हॅश डायल केलं की सगळे फॉरवर्ड निघतात.

आता दारव्हेवाले दादा, तुमच्या त्या बाईसाठी. संचार साथी म्हणून सरकारचं पोर्टल आहे, मोबाइल नंबर अन् ओटीपी टाकला की त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, जे आपलं नाही त्याच्यावर माझा नंबर नाही असं टाकायचं, कंपनी तपासून बंद करते. तुमच्याच सेंटरवर करून द्या.

---

नागपूरकर_ॲडमिन

मी नागपूरला एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो. डिलीटचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहितो.

डिलीट केलं की फाइल रिसायकल बिनमध्ये जाते हे सगळ्यांना माहिती आहे. शिफ्ट डिलीट केलं तरी साध्या हार्डडिस्कवर फाइलचा डेटा तिथंच पडलेला असतो, विंडोज फक्त ती जागा मोकळी असं धरून चालतं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही परत निघतो. म्हणून आधी सगळं डिलीट करा, बिन रिकामी करा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये सायफर कमांड स्लॅश डब्ल्यू लावून सी ड्राइव्हवर चालवा, ती मोकळ्या जागेवर दुसरं लिहून टाकते. रात्री लावून द्या, खूप वेळ घेते, आणि इन्व्हर्टर चार्ज आहे का बघून घ्या, खेड्यावर लाइनचं काही सांगता येत नाही. एसएसडी (चिपवाली नवी डिस्क) असेल तर हे करायची गरज नाही, तिथं ट्रिम (पुसलेली जागा साफ करायची सोय) चालू असेल तर विंडोज स्वतःच ती जागा साफ करून घेतं.

पुढचा कचरा जमू नये म्हणून सेटिंग, सिस्टिम, स्टोरेजमध्ये स्टोरेज सेन्स आहे. त्यात डाउनलोडसाठी १ दिवस, १४, ३०, ६० असे पर्याय असतात आणि मुळात कधीच नाही यावर ठेवलेलं असतं, तुम्ही १ दिवस करा. व्हॉट्सॲपवर लोक कागद पाठवतात ते तुमच्या मोबाइलच्या गॅलरीत आणि तिथून गूगल फोटोजमध्ये जात असतील, ते बघितलंय का? बहुतेक जण पीसी धुऊन काढतात आणि गूगल फोटोजमध्ये सगळं गाव तसंच.

क्रोममध्ये गिऱ्हाइकाचं लॉगिन कायम गेस्ट विंडोत करा. बंद केली की पासवर्ड, हिस्टरी, लॉगिन काही राहत नाही, डाउनलोड केलेली फाइल मात्र राहते हे लक्षात ठेवा. जे आधीचे सेव्ह आहेत ते सगळे काढा. वरच्या भाऊंनी क्रॅकचं सांगितलं त्यात एक जोडतो, सगळेच व्हायरस फायली लॉक करून आरडाओरडा करत नाहीत, एक जात अशी आहे की गुपचूप येते, ब्राउझरमध्ये सेव्ह असलेले सगळे पासवर्ड आणि कुकी (लॉगिन चालू ठेवणाऱ्या छोट्या फायली) उचलते, पाठवते आणि पीसी आधीसारखाच चालत राहतो. तुमच्या क्रोममध्ये गावातल्या पोरांची लॉगिनं आहेत म्हणजे एकाच वेळी सगळ्यांची गेली.

रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं साधं युजर अकाउंट वापरा. आणि शक्य तिथं मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

---

ऑनलाइनवाला_दारव्हा

सगळ्यायले धन्यवाद. क्रॅकचं काय सांगू, समजून घ्या. गूगल फोटोजमदी आत्ता पाह्यलं, बाप्पा!! माह्या बायकोच्या टॅबवरबी दिसून रायले लोकायचे पासबुक, खातं एकच आहे ना.

पण मास्क्ड आधार इथं कोणी घेत नाई साहेब. टेबलावरचा मानूस म्हणते नंबर पूर्ण दिसला पायजे, कास्तकार परत माह्याकडं येते अन् दहा रुपयाची झेरॉक्स अजून एकडाव काढा लागते, शिव्या मले. अन् आधारचा अंगठा लॉक करा म्हणतात काही जन, ते कसं आहे? दस्तावरचे अंगठे उचलून नकली अंगठा बनवतात अन् पैसे काढतात हे खरं का?

---

सीएससी_भंडारा

खरं आहे. जमिनीच्या दस्तावर अंगठ्याचा ठसा असतो अन् आधार नंबरही, ते दोन मिळाले की सिलिकॉनचा अंगठा करून आधारवरून पैसे काढायचे प्रकार बऱ्याच राज्यांत झाले. २०२३ मध्ये यूआयडीएआयनं (आधार चालवणारी सरकारी संस्था) मशीनसमोरचं बोट जिवंत आहे का नुसता ठसा ते तपासायची सोय वाढवली, तरी लॉक हा उपाय चांगलाच आहे. यूआयडीएआयच्या मोबाइल ॲपमधून होतो, नाहीतर त्यांच्या साइटवरून.

पण मी सगळ्यांना लॉक मारून देत नाही, का ते सांगते. लॉक केलं की रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. उघडायला ओटीपी लागतो अन् ओटीपी आधारला लागलेल्या नंबरवर येतो, तो नंबर पाच वर्षांपूर्वी नातवानं घेतलेल्या सिमचा असतो, सिम बंद, नातू हैदराबादला. आजीबाई दुकानासमोर पिशवी घेऊन उभी. म्हणून ज्याचा नंबर चालू आहे अन् ज्याला स्वतः उघडता येतं त्यालाच लॉक, बाकीच्यांना आधी नंबर अपडेट करून घ्या म्हणते. तोवर मायआधार साइटवर ऑथेंटिकेशन हिस्टरी बघून देते, आधार कुठं कुठं वापरलं गेलं ते त्यात ६ महिन्यांचं दिसतं. त्यालाही ओटीपी लागतोच म्हणा.

मागच्या सालचे कागद मागणाऱ्यांचं माझ्याकडे असं आहे. मी फाइल ठेवत नाही, रजिस्टर ठेवते. नाव, कशाचा फॉर्म, अर्ज क्रमांक, तारीख. एवढ्यावर पोर्टलवरून पावती परत निघते. कागद त्यांच्याच मोबाइलवर पाठवून देते, चालू नंबर असेल त्याला डिजीलॉकर काढून देते, अन् ज्यांच्याकडे मोबाइलच नाही त्यांना प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून देते, वीस रुपये घेते त्याचे. सुरुवातीला भांडले लोक. म्हणे पहिले तर ठेवत होती. डेस्कटॉपवर आजचं नावाचं एकच फोल्डर, स्कॅनरही तिथंच सेव्ह करतो अन् क्रोमही, शटर ओढायच्या आधी ते रिकामं.

---

लिनक्सप्रेमी_वर्धा

एवढं सगळं करण्यापेक्षा दोन्ही पीसीवर लिनक्स टाका, पेनड्राइव्हचा शॉर्टकट व्हायरस चालणारच नाही.

---

वऱ्हाडी_टेक_अकोट

आला का लिनक्सवाला 😄 भाऊ, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज अन् अँड्रॉइडले पाहून बनवलेली असते, तिथंच गाडी अडकते. पन ७ वाला जो प्रिंटसाठी ठेवाचा आहे त्याच्यावर टाकाले हरकत नाई, ते तुहं बरोबर आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर भेटते का ते आधी पाय, लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हंजे पीसीत न टाकता, चालवून.

---

झेडपी_शिक्षिका_बुलढाणा

सेंटरवाल्या भाऊंना सगळे सांगताहेत ते बरोबरच आहे, पण आमच्याकडे वरून मेसेज येतो की आजच्या आज सगळ्या मुलांची माहिती एक्सेलमध्ये ग्रुपवर टाका, नाव, जन्मतारीख, आधार, आईचं नाव, पालकांचा मोबाइल. ग्रुपमध्ये बदली होऊन गेलेले लोक आहेत, कोणाचा मोबाइल घरात मुलं खेळतात. यूडायसच्या (शाळांची माहिती भरायच्या सरकारी) पोर्टलवर भरायला वेगळं लॉगिन आहे तरी यादी ग्रुपवर पाहिजेच. मी आता फाइलला पासवर्ड लावून टाकते आणि पासवर्ड फोनवर सांगते, तर मलाच विचारतात मॅडम एवढं काय आहे त्यात.

आणि तुमच्याकडे आलेल्या बाईंचं चुकलं नाही बरं का, काम झाल्यावर माहिती पुसा असं सांगायचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत.

---

ऑनलाइनवाला_दारव्हा

मॅडम, तुमचा पासवर्डवाला जुगाड मीबी वापरतो आता. ७ वाल्याचं वायर काढलं, डाउनलोड पुसलं, सायफर रात्रभर लावली होती, सकाळी झाली होती पूर्ण. क्रोमचे पासवर्ड काढले. बायकोच्या टॅबचं खातं येगळं करून देल्लं. विंडोजचं पाहू कापूस निघाल्यावर, आत्ता हात तंग आहे, तोवर ॲक्टिव्हेटरवाली काढून नुसती ॲक्टिव्हेट करा म्हणणारी कोरी विंडोज टाकतो, कोपऱ्यात मेसेज दिसते तेवढंच ना? अन् कोणीतरी म्हणे झेरॉक्स मशीनमदीबी हार्डडिस्क असते. माह्याकडं सेकंडहँड मोठं मशीन आहे, नागपूरहून आणलेलं, कोणत्या तरी ऑफिसचं होतं. खरं का हे?

---

नागपूरकर_ॲडमिन

हो, मेसेज दिसतो आणि वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही. नियमानं लायसन्स लागतंच, कापूस निघाला की घेऊन टाका.

झेरॉक्सचं खरं आहे. छोट्या टेबलावरच्या मशीनमध्ये सहसा नसते, पण ऑफिसमधून निघालेली मोठी मल्टिफंक्शन मशीनं येतात त्यातल्या पुष्कळांमध्ये हार्डडिस्क असते आणि कॉपी, स्कॅन, प्रिंट केलेल्या पानांची इमेज त्यावर उतरते. मागच्या ऑफिसचंही असेल त्यात अजून. मशीनच्या ॲडमिन मेनूत सगळा डेटा पुसायचा पर्याय बघा, त्यानं ॲड्रेसबुक आणि नेटवर्कचं सेटिंगही जातं म्हणून ते आधी लिहून ठेवा. पर्याय सापडला नाही तर मॉडेल नंबर इथं टाका. आणि मशीन भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये द्यायची वेळ आली तर मेकॅनिकला सांगून डिस्क काढून घ्या.